काढलेली जलकुंभी काठावर ठेवू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात तलाव सफाईचं छायाचित्र आलं होतं. मशीनच्या बकेटमधून लोंबणारी हिरवीगार जलकुंभी, म्हणजे पाण्यावर तरंगत पसरणारं तण, आणि मागे मोकळं झालेलं पाणी. बघून बरं वाटलं. पण त्याच छायाचित्राच्या कोपऱ्यात, पाण्याला लागून, एक ढीग दिसतो. त्या ढिगाबद्दल मला लिहायचं आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आता रोज सकाळी घराजवळच्या एका तलावाच्या पाळीवर फिरायला जाते. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका तलावाचा नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात तिथेही अशीच सफाई झाली. आठ-दहा दिवस माणसं छातीभर पाण्यात उभी राहून जलकुंभी ओढत होती. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण काढलेलं सगळं पाण्यापासून चार पावलांवर रचून ठेवलं गेलं. महिन्याभरात ढीग वरून तपकिरी, कुरकुरीत झाला. मी आत हात घालून पाहिला. वीतभर खोल तो ओला आणि गरम होता, आणि पाण्याच्या बाजूला, खालच्या थरात, कोंब चक्क हिरवे होते. मोठा पाऊस झाला, पाणी चढलं आणि तो खालचा थर तरंगत परत तलावात गेला. नवरात्र येईपर्यंत पाणी पुन्हा दिसेनासं झालं.

तुटलेला एक कोंबही या वनस्पतीला पुरतो. नाल्याचं सांडपाणी मिळत असेल तर दीड-दोन आठवड्यांत रोपं दुप्पट होतात. बी तर चिखलात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती देखण्या फुलांपायी जगभर नेली गेली, आणि बंगालमध्ये ती इतकी माजली की १९३६ साली तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पुण्याला माझ्या भावजयीकडे हिला जलपर्णी म्हणतात. नाव काहीही असो, वागणं तेच.

गेल्या वर्षी सफाई चालू असतानाच मी एक गोणी मागून घरी आणली. वजन केलं, वीस किलो भरलं. गच्चीवर ताडपत्री घालून पातळ पसरली, रोज संध्याकाळी उलटली. आठ दिवसांनी सव्वा किलो उरली! म्हणजे ओली जलकुंभी ट्रॉलीत भरून नेणं म्हणजे पाणीच वाहून नेणं. ती आधी पाळीच्या बाहेरच्या उतारावर, जिथून पावसाचं पाणी तलावात येत नाही अशा जागी, पातळ पसरून वाळवावी आणि मग उचलावी. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन हे काम फुकट करून देतं.

वाळवण्याआधी काही रोपं मी विळीवर चिरून पाहिली. देठाच्या फुगीर भागात पांढरा स्पंज असतो, त्यातल्या हवेवर रोप तरंगतं. मुळं मात्र काळी-जांभळी, पिसासारखी, आणि त्यांत नाल्याचा गाळ अडकलेला. सांडपाण्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम असेल तर ही वनस्पती ते शोषून घेते आणि बहुतेक मुळांतच साठवते. म्हणून मी मुळं कापून बाजूला काढली, पानं आणि देठ शेण व सुक्या पाल्यात मिसळून कुजवले. खत उत्तम झालं. ते मी मोगऱ्याला आणि कण्हेरीला घातलं, मेथी-कोथिंबिरीला नाही. जलकुंभीचं खत म्हणून कुणी सरसकट विकू लागलं तर आधी त्याची तपासणी झालीच पाहिजे. आसामात वाळक्या देठांच्या चटया आणि पिशव्या विणतात, तेही चांगलं काम आहे. पण अशा वस्तूंसाठी जलकुंभी राखायची वेळ आली तर रोगापेक्षा इलाज भयंकर होईल.

ओला आणि सुका कचरा घरात वेगळा करायला आपलं इंदूर शिकलं. देवगुराडियाला २०२२ पासून रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची सोय आहे. मुळं काढलेली, तपासलेली जलकुंभी तिथे चालेल का, हे एकदा करून पाहावं आणि निष्कर्ष लोकांना सांगावा.

आणखी एक. आपल्याच राज्यात, जबलपूरला, तणांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. तिथे निओकेटिना भुंग्यांवर काम झालं आहे. अर्धा सेंटिमीटरचा हा भुंगा पानं खरवडतो, त्याची अळी देठ पोखरते, आणि तो जगतो जलकुंभीवरच. १९८० च्या दशकात बेंगळुरूच्या तळ्यांत तो सोडला गेला आणि उपयोगी पडला. त्याला दोन-तीन वर्षं लागतात, धीर धरावा लागतो, आणि तो सोडलेला भाग मशीनने साफ करून चालत नाही. तणनाशक मात्र तलावात नको. एकदम मेलेली जलकुंभी कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे उलटे होतात.

इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आले. जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला, उदयपूरसोबत, पाणथळ शहराचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. हिवाळ्यात येणाऱ्या बदकांना उघडं पाणी लागतं. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी जलकुंभीवरूनही चालतात, म्हणून काढायची ती टप्प्याटप्प्यानं. पण सांडपाण्याचे नाले तलावात सुटत राहिले तर हे सगळं दर वर्षी नव्यानं करावं लागणार, हे मी वर्गात मुलांना सांगत असे तितक्याच स्पष्टपणे इथे सांगते.

माझी मागणी एवढीच, की सफाईच्या ठेक्यात जलकुंभी किती काढली याबरोबर ती कुठे वाळवली आणि कुठे नेली हेही लिहावं, आणि ते झाल्याशिवाय बिल मंजूर करू नये. छायाचित्रातला ढीग काल संध्याकाळी मी जाऊन पाहिला. तो अजून तिथेच आहे, पाण्यापासून जेमतेम दहा फुटांवर. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्याला येतो.

एक निवृत्त शिक्षिका,
लोकमान्य नगर, इंदूर