तोंडी शब्दावर चालणारा छापखाना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लघुउद्योजकांची बिले थकतात या विषयावर आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या येतात आणि त्यांत दोष बहुधा ग्राहकाचाच असतो. तो असतोही. परंतु तालुक्याच्या गावी तीन कामगारांचा ऑफसेट छापखाना चालवणारा म्हणून मला थोडी अडचणीची बाजू मांडायची आहे. बिल थकण्याच्या कितीतरी आधी, काम घेतानाच, आम्ही आमच्या नुकसानीची सोय करून ठेवलेली असते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा फोन आला, “वार्षिक अहवाल मागच्यासारखाच छापा, पाचशे प्रती.” मी मागच्यासारखाच म्हणजे आतली पाने मॅपलिथो या साध्या कागदावर एकरंगी आणि मुखपृष्ठ चाररंगी असा छापला. प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा नमुना, मोबाइलवर पाठवले, त्यावर पलीकडून अंगठ्याचे चित्र आले आणि मी छपाईच्या प्लेटा काढल्या. प्रती सर्वसाधारण सभेत वाटल्या गेल्या. दोन महिन्यांनी बिलाची आठवण केली तेव्हा कळले की, आतली छायाचित्रे या वर्षी रंगीत हवी होती, म्हणून रक्कम कापली जाणार. माझ्याकडे ना लेखी ऑर्डर होती, ना सही केलेले प्रूफ, ना माल पोहोचल्याची चलनावरची सही. मोबाइलच्या पडद्यावर कागदाचा पोत दिसत नाही, आकार कळत नाही, आणि त्या अंगठ्याचा अर्थ ‘पाहिले’ की ‘मंजूर’ हे तर देवच जाणे. ती कापलेली रक्कम मी निमूटपणे सोडून दिली.

नंतर एका कर सल्लागारांनी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा समजावून सांगितला, तेव्हा वाईट अधिक वाटले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही मासिक चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते कलम वेगळेच आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असे धरले जाते. म्हणजे दोन महिन्यांनंतरच्या तोंडी तक्रारीला कायद्यात फारसा आधार नव्हता. पण माल कोणत्या तारखेला पोहोचला हे सिद्ध करणारा कागदही माझ्यापाशी नव्हता. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून ओळख देणारी सरकारी ‘उद्यम’ नोंदणी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, हेही आमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. काही जण त्यासाठी एजंटाला पैसे मोजतात.

मुद्रकांना लिहून घेणे जमत नाही असे म्हणावे, तर लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत आम्ही ते मुकाट्याने करतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ नुसार प्रचारपत्रक छापण्यापूर्वी प्रकाशकाचे, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत घ्यावे लागते आणि पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावा लागतो. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, म्हणून कोणी कुरकुर करत नाही. मतदान झाले की पुन्हा आमचे ‘बघू, होऊन जाईल’ सुरू.

नियोजनाचेही तसेच. पत्रिका छापणाऱ्याच्या भिंतीवर पंचांग टांगलेले असते, पण ते तो ग्राहकाच्या तिथीसाठी पाहतो, स्वतःच्या कामासाठी नाही. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. आपल्याकडे अधिक महिन्यात लग्ने होत नाहीत, त्यामुळे एरवी मेअखेरपर्यंत पसरणारे काम महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबले जाणार आणि उरलेले जूनच्या उत्तरार्धापासून चातुर्मास लागेपर्यंतच्या दिवसांत येणार. ते दिवस पावसाचे. हवेत दमटपणा असला की कागद ओल धरतो, त्याच्या कडा वळतात, चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत आणि शाई वाळायला वेळ लागतो. घाईने कापणीला घेतलेल्या पत्रिकांचा रंग मागच्या बाजूला उतरतो. हे सगळे आधीच दिसत असताना कागद कधी भरायचा, तो जमिनीपासून वर कुठे रचायचा आणि जूनमधल्या पत्रिकेला नेहमीपेक्षा किती दिवस जास्त मागायचे, हे फेब्रुवारीत ठरवता येते. मी स्वतः ते पूर्वी कधीच ठरवले नव्हते. एका हंगामात दोन घरांना एकाच शनिवारचा वायदा केला, मशीन बंद पडल्यावरही गुरुवारपर्यंत कोणाला काही कळवले नाही आणि एका घरच्या पत्रिका चार दिवस उशिरा गेल्या. वधूपिता रागावले ते उशिरापेक्षा न कळवण्यावर. ‘सोमवारी सांगितले असते, तर लांबच्या पाहुण्यांना फोनवरून आमंत्रणे दिली असती,’ हे त्यांचे म्हणणे मला तेव्हा खोडता आले नाही.

तेव्हापासून माझ्याकडे अर्ध्या पानाची कामाची चिठ्ठी असते. आकार, कागद व त्याचे वजन, रंग, प्रती, आगाऊ रक्कम, बिलाची मुदत, माल देण्याची तारीख आणि कागदावर काढलेल्या प्रूफावर सही. काही जुने ग्राहक ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे विचारतात. त्यांना मी सांगतो की विश्वास माणसावर आहे, स्वतःच्या स्मरणशक्तीवर नाही. एक-दोघे दुसरीकडे गेले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत अशा चिठ्ठीचा नमुना आणि वर उल्लेखिलेली १५ व ४५ दिवसांची मुदत एकदा चौकटीत छापावी, अशी विनंती आहे. जिल्हा उद्योग केंद्राने मराठीतला असा एक नमुना आपल्या कार्यालयात ठेवला, तर नवउद्योजकांना तो कर्जाच्या अर्जासोबतच हाती मिळेल.

आपला नम्र,
एक मुद्रणव्यावसायिक, सातारा जिल्हा