दारू सोडताना तिसरा दिवस सांभाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गटारीला शेवटची घेऊन श्रावणापासून बंद, हा संकल्प बडोद्यातल्या मराठी घरांतही होतो. दारूबंदीच्या राज्यात त्याची वाच्यता होत नाही, इतकेच. अधूनमधून घेणाऱ्याला अशा खाड्याने काही होत नाही. पण जो वर्षानुवर्षे रोज पितो, सकाळी घोट पोटात गेल्याशिवाय ज्याच्या हाताचा कंप थांबत नाही, त्याने एकाएकी दारू तोडणे जिवावर बेतू शकते.

दारू मेंदूला रोज दाबून ठेवते. मेंदू त्याविरुद्ध आपली उत्तेजना वाढवत नेतो. दारू अचानक थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, बायको-मुले ओळखू येत नाहीत. बाधा समजून घरचे अंगारा लावत बसतात आणि मोलाचे तास जातात. अशा वेळी १०८ बोलवावी.

हाड मोडून रुग्णालयात दाखल झालेल्यांचेही तेच, कारण तिथे दारू आपोआप तुटते. घरचे लाजेने, पोलिसांच्या धाकाने ‘आमचे हे घेत नाहीत’ असे सांगतात आणि तिसऱ्या रात्री रुग्ण सलाईन उपटून पळू लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूशी निगडित विकार येतात आणि उपचारांची माहिती गुप्त राहणे हा रुग्णाचा हक्क आहे. तेव्हा रोज किती, पोटली (देशी दारूची पिशवी) की बाटली, शेवटची कधी, पूर्वी फिट आली होती का, हे दाखल करतानाच सांगावे.

उपचार जुने आणि खात्रीचे आहेत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या सुरू करून साधारण ५ ते १० दिवसांत डोस उतरवतात. यकृत बिघडले असेल तर लोराझेपाम. मेडिकलमधून आणून या गोळ्या घरी देऊ नयेत: वर दारू प्यायला तर श्वास मंदावतो. सोबत थायामिनचे, म्हणजे बी-१ चे, इंजेक्शन लागते. अशक्तपणा आला म्हणून नुसती ग्लुकोजची बाटली चढवली, तर उरलेसुरले थायामिन संपून स्मृती कायमची जाऊ शकते.

इथवर फक्त शरीर सावरते, ओढ राहतेच. त्यासाठी पुढे काही महिने नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट, आणि समुपदेशन. डायसल्फिराम हे दारूची धास्ती बसवणारे औषध मात्र रुग्णाच्या नकळत चहात मिसळून कधीही देऊ नये. त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळतो.

सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि कारेलीबागेतले सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय गावातच आहे. व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. संकल्प श्रावणाचा असेल, तर डॉक्टरांना आषाढातच भेटावे.

— एक निवृत्त परिचारिका, बडोदे