वर्गातला कापडी ससा पाळीने घरी जावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पहिली-दुसरीच्या वर्गात खऱ्या प्राण्याऐवजी कापडी प्राणी ठेवणे शहाणपणाचे आहे. हॅमस्टर दिवसा झोपतो आणि मुले घरी गेल्यावर जागा होतो. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, शिवाय एखाद्या मुलाला केसाळ प्राण्याची ॲलर्जी निघते. सुट्टीत प्राण्याला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न वेगळाच. कापडी सशापुढे यातली एकही अडचण नाही. मात्र तो नुसता कपाटावर बसवून ठेवला, तर मुले थोड्याच दिवसांत त्याच्याकडे बघेनाशी होतात. त्याला वर्गात काम द्यावे लागते आणि पाळीपाळीने मुलांच्या घरी पाठवावे लागते.

सर्वांत मोठी चूक होते ती त्याला बक्षीस करण्यात. ‘जो शहाण्यासारखा वागेल त्याच्या घरी ससा जाईल’ असे जाहीर केले की तीच चार-पाच मुले पुन्हा पुन्हा ससा नेतात आणि ज्या चुळबुळ्या मुलाला त्याची खरी गरज असते, त्याची पाळी कधीच येत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या काढून क्रम ठरवावा, यादी भिंतीवर लावावी आणि शिक्षा म्हणून कोणाचेही नाव मागे ढकलू नये. चाळीस मुलांच्या वर्गात फक्त शनिवार-रविवारी ससा दिला तर वर्षभरात सगळ्यांची पाळी लागत नाही. मधल्या वारीही एका रात्रीसाठी तो द्यावा.

सोबत कापडी पिशवी आणि एक वही असावी. वहीत एक चित्र आणि तीन ओळी पुरेत, त्याही मुलाच्याच हातच्या, चुका असल्या तरी. पालकांनी सजवलेली, फोटो चिकटवलेली पाने येऊ लागली की वहीची घराघरांत चढाओढ होते. ‘सशाने आज आपल्या घरी काय पाहिले?’ एवढाच प्रश्न पहिल्या पानावर लिहून ठेवावा. भांडी घासलेली पाहिली, आजी झोपलेली पाहिली, ही उत्तरे सहलीच्या वर्णनाइतकीच मोलाची आहेत, आणि वर्गात वाचून दाखवताना शिक्षकांनी ती तशीच मानाने वाचावीत.

वाचनासाठी तर हा सोबती फारच उपयोगी. मोठ्यांसमोर अडखळणारे मूल सशाला मांडीवर घेऊन मोठ्याने वाचते, कारण तो मध्येच चूक दुरुस्त करत नाही. शिक्षकांनीही त्या वेळी जवळ उभे राहून शब्द सांगू नयेत.

खरेदी करताना वीस ते तीस सेंटीमीटर उंचीचा, दोऱ्याच्या भरतकामाने काढलेल्या डोळ्यांचा प्राणी घ्यावा. मण्यांचे किंवा बटणांचे डोळे ओढून निघतात आणि थेट तोंडात जातात. लांब केसांचे कापड धुतल्यावर गुठळ्या धरते. आखूड लवीचे टिकते. आत बॅटरी किंवा आवाजाची डबी नको, कारण मग प्राणी धुता येत नाही.

धुणे महिन्यातून एकदा तरी हवेच. उसवलेली शिवण आधी टाचावी, मग उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधावे आणि मशीनमध्ये धुवावे. धुळीतले सूक्ष्म किडे मारायला पाणी ६० अंशांचे लागते. लेबलवर तेवढे चालत नसेल, तर पिशवीत बंद करून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवून नंतर साध्या पाण्याने धुवावे. नुसते गोठवून भागत नाही. किडे मरतात, पण ॲलर्जी करणारी त्यांची घाण धुतल्याशिवाय जात नाही. वरचे कापड सुकले तरी आतला भराव ओला राहतो आणि कुबट वास धरतो. पोट दाबून पाहावे. थंडावा जाणवला तर अजून वाळवावे. वर्गात उवा निघाल्या तर तेवढे दिवस सशाने घरोघरी फिरू नये.

ससा हरवला, तर गुपचूप दुसरा आणून बसवू नये. मुले कानाच्या दुमडीवरूनसुद्धा फरक ओळखतात. हरवल्याचे सरळ सांगावे आणि शोधाची सूचना मुलांकडूनच लिहून घ्यावी: रंग कोणता, कुठे ठिगळ आहे, शेवटचा कोणाकडे होता.

आपले,
प्राथमिक वर्गांचे काही शिक्षक