स्मरणचित्रात रचनेलाही गुण हवेत

संपादक महोदय,

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीत स्मरणचित्र, म्हणजे दिलेला प्रसंग आठवणीतून काढायचा, हा विषय अनेक ठिकाणी पाठांतरावर उरकला जातो. मार्गदर्शिकेतली चार-पाच माणसे घोटून घ्यायची आणि विषय विसर्जनाचा असो की भाजीबाजाराचा, तीच कागदावर उतरवायची. त्याने हात बसतो, पण रचना शिकायची राहून जाते.

दादर चौपाटीवरचे विसर्जन घ्या. विद्यार्थी क्षितिजरेषा कागदाच्या बरोबर मध्यावर मारतात आणि सगळ्यांचे पाय एका ओळीत ठेवतात. समुद्राची क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर दिसते. म्हणून वाळूत उभे राहून पाहिले, तर जवळच्या काय नि लांबच्या काय, उभ्या मोठ्या माणसांचे डोळे साधारण त्याच रेषेवर येतात. लांबच्यांचे पाय तेवढे वर सरकतात. लहान पोरे रेषेखाली राहतात, हातगाडीवरची मूर्ती रेषेच्या वर निघते. गच्चीवरून पाहिले, की सगळी गर्दी रेषेखाली जाते. एवढे समजले तरी चित्रातली माणसे जमिनीवर टेकतील.

मोठे चित्र सुरू करण्याआधी पहिल्या १५ मिनिटांत तीन-चार कच्ची रेखाटने हवीत. पाव इम्पिरियल कागद ११ बाय १५ इंचांचा, म्हणून प्रत्येक रेखाटनाची चौकट त्याच प्रमाणात, ५.५ बाय ७.५ सेंटिमीटरची. हे प्रमाण चुकले, तर मोठे करताना कडेला जागा उरते आणि ती भरायला उगाच नारळाचे झाड काढले जाते. रेखाटनात नाक-डोळे नकोत. पांढरी, करडी, काळी अशा तीनच छटा पुरेत. डोळे किलकिले करून पाहावे; मूर्ती आधी दिसली नाही, तर मांडणी बदलावी. संध्याकाळचे आकाश उजळ, तेव्हा सर्वांत गडद छटा मूर्तीच्या कडेसाठी राखावी. गुलालाचेही तसेच. तो कागदभर पसरला, की मूर्तीजवळचा गुलाबी मरतो.

चौकटीच्या कडेने माणूस गुडघ्यावर किंवा घोट्यावर कापू नये, पाय तुटल्यासारखा दिसतो. मुख्य वस्तू मध्यावर न ठेवता कडेपासून एक-तृतीयांश अंतरावर ठेवायची, हा एक-तृतीयांशाचा नियम सोयीचा खरा, पण मखरातली मूर्ती मध्यभागीच शोभते. तिथे एका बाजूला जवळ आरतीचा घोळका आणि दुसऱ्या बाजूला पार कडेशी एकच उजळ समई ठेवली, तरी तोल साधतो.

परीक्षा घेणाऱ्यांना विनंती, की कच्ची रेखाटने उत्तरपत्रिकेला जोडून घ्यावीत आणि त्यांना स्वतंत्र गुण ठेवावेत.

– एक चित्रकला शिक्षक, परळ, मुंबई