गळती शोधून देणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

पावसाळ्याच्या तोंडावर बोट पुन्हा पाण्यात उतरली. डावी बाजू आता झुकत नाही. या बोटीवरून आमची माणसं माशांच्या खाद्याची पोती घेऊन खोल पाण्यात जातात, म्हणून सोसायटीतल्या सगळ्यांच्या वतीने मनापासून धन्यवाद.

तुमच्याआधी जे आले त्यांनी जोडावर सिलिकॉन फासलं आणि गेले. तुम्ही पहिलं विचारलंत, "पाणी कोणत्या कप्प्यात भरते?" एक कप्पा फुटला तरी बोट तरंगावी म्हणून पाँटूनच्या, म्हणजे बोटीला तरंगवणाऱ्या पोकळ नळकांड्याच्या, आत आडवे पडदे असतात, मग तपासणीही कप्प्याकप्प्याचीच. कॉम्प्रेसर थेट न लावता दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरवरून जेमतेम दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरलीत. जास्त दाबाने टोकाचे पत्रे फुगून चांगले जोडही उलतात.

आणि ती पहाटेची टेस्ट! मे महिन्यात हिंगण्याला उन्हातला पत्रा हाताला चटका देतो. बंद कप्प्यातली हवा दहा अंशांनी तापली की दाब दाखवणारा गेज अर्धा पीएसआय चढतो. गळती असली तरी काटा जागेवरच दिसतो. ढग आला की उलटं, नसलेली गळती दिसते. म्हणून तुम्ही ऊन यायच्या आत बसलात. काटा उतरू लागला, साबणाचं पाणी मारलंत, आणि डेकचा अँगल जिथे वेल्ड केलाय त्या कोपऱ्यात बारीक बुडबुड्यांची रांग उठली. केसाएवढा तडा! शेजारच्या रिकाम्या कप्प्याचा गेजही हळूहळू चढत होता, म्हणजे आतला पडदाही झिरपत होता. तो साबणाने कधीच सापडला नसता. त्यासाठी पत्रा कापावा लागेल, हेही तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत.

तडा पुढे सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना छिद्रं पाडलीत, स्टेनलेसच्या ब्रशने ऑक्साइड घासून काढलात (ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हा थर २००० च्याही वर), आतली तापलेली हवा वेल्ड फोडू नये म्हणून कप्प्याचा प्लग उघडा ठेवून टिग वेल्डिंग केलंत.

शेवटी सगळे कप्पे पुन्हा दाबाखाली धरलेत, हात न लावलेलेसुद्धा. त्याची मजुरी बिलात दिसत नाही. ती घ्यायलाच हवी, भाऊ. पैसे द्यायला येईन तेव्हा सोसायटीतली दोन पोरं सोबत आणतो. त्यांना गेज लावायला शिकवाल का?

आपला,
सोसायटीचा सचिव