बॅटरीवाल्या प्रेशर गनबद्दल, बाबांना

स्टुटगार्ट, रविवार

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की तुम्ही ‘अगं आण गं, बघू’ म्हणून मोकळे होता, मागून आई ‘काही आणू नको, माळ्यावर जागा नाही’ म्हणते आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून यावेळी लिहूनच पाठवते. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. चष्मा लावून निवांत वाचा.

निकाल आधीच सांगून टाकते. गच्चीसाठी आणि अंगणातल्या शहाबादीसाठी बॅटरीवालं प्रेशर वॉशर, म्हणजे जोराच्या पाण्याने धुणारी ती गन, घेऊ नका. मी इथून आणावं असंही नको, आणि तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओतलं तर मुळीच नको.

त्या व्हिडिओतल्या गनच्या बॅटरीवर मोठ्या अक्षरात ४८ व्होल्ट लिहिलंय, काहींवर ८८ आणि १९८ सुद्धा लिहिलेलं असतं. उघडून पाहिलं तर अशा बहुतेक बॅटऱ्यांत पाच लिथियम सेल ओळीने जोडलेले निघतात. एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट, म्हणजे पाचांचे २१. बाकीचे व्होल्ट छापखान्यातले. तुम्ही जन्म अंबडच्या कारखान्यात काढलात, स्टिकर पाहून मशीन घेणारे तुम्ही नव्हेत. पण व्हिडिओत चिखलाने माखलेली गाडी दोन मिनिटांत चकचकीत होते ना, तिथे भले भले फसतात. ताजा, ओला चिखल नळीच्या पाण्यानेही निघतो. आपल्या गच्चीवरचं पावसाळी शेवाळ त्या व्हिडिओत कोणी दाखवत नाही.

आता चांगल्या कंपनीचं घेतलं तर काय, तेही सांगते. माझ्या शेजारी राहणाऱ्या आजी-आजोबांचा गावाबाहेर बागेचा एक तुकडा आहे. इथे शहरातल्या फ्लॅटवाल्यांना अशा छोट्या बागा भाड्याने मिळतात. त्यांच्या बागेत वीज नाही, पाणी साठवायला पावसाच्या पाण्याचा ड्रम. तिथे त्यांच्याकडे १८ व्होल्टची बॅटरीवाली गन आहे, २४ बार दाबाची. मी ती हातात घेऊन चालवून पाहिली. ड्रममध्ये नळी सोडायची, ट्रिगर दाबायचा, ती आपली आपण पाणी ओढते. कुदळ-फावड्यांची माती, खुर्च्या, सायकलची चाकं, सगळं झकास निघालं. मग मी मुद्दाम वाटेवरच्या दगडी फरशीवर मारून पाहिलं. नोझल वीतभर अंतरावर धरलं तर बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा उमटत होता, तोही सावकाश सरकवलं तर. हातभर मागे नेलं की फरशी नुसती ओली. चार फरश्या होईपर्यंत बॅटरीचा शेवटचा दिवा लुकलुकायला लागला. आजोबा म्हणाले, फरशीला मी ही वापरतच नाही, त्याला खराटा आहे.

याचं गणित तुम्हाला आवडेल. पाण्याची ताकद म्हणजे दाब गुणिले प्रवाह. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ०.६, की वॅट मिळतात. बॅटरीवाली गन २४ बारने मिनिटाला ३.३ लिटर पाणी टाकते, म्हणजे साधारण १३० वॅट. वायरवालं घरगुती मशीन १०० बारला मिनिटाला ५ लिटर देतं असं धरा, ८३० वॅट होतात. सहापटीहून जास्त. नोझल कितीही भारी लावा, ही तफावत भरून निघत नाही, कारण खाली ऊर्जाच नाही. १८ व्होल्ट, अडीच अँपिअर-अवर म्हणजे ४५ वॅट-अवर. मोटर अडीचशे वॅट खात असेल तर दहा-अकरा मिनिटांत खेळ खलास. दुप्पट बॅटरी घ्या, वीस मिनिटं. मग तासभर चार्जिंगला लावून गच्चीवर उन्हात बसा. आणि चांगल्या कंपन्यांत बऱ्याचदा गन एका किमतीला आणि बॅटरी-चार्जर वेगळ्या किमतीला असतात, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

निफाडच्या मामांचं म्हणणं आईने मला सांगितलं, ‘आमचा एचटीपी घेऊन जा, कशाला पैसे घालता.’ एचटीपी म्हणजे द्राक्षबागेत औषध फवारायचा त्यांचा पंप. मामांचा हिशेब अगदी बरोबर आहे. बागायतदार ज्याला ‘किलो’ म्हणतात तो जवळजवळ एक बारच. एचटीपी ३० किलोला चालवला तर आकड्यात या बॅटरीच्या गनच्या जरासाच पुढे. पण तो मिनिटाला २५ लिटर फेकतो, म्हणजे १२५० वॅट. दाबाच्या एकट्या आकड्यावर जाऊ नये ते यासाठीच. तरीही मामांचा पंप आपल्याकडे आणू नका. त्या टाकीत आणि नळीत वर्षभर द्राक्षांवरची औषधं फिरलेली आहेत, ती कितीही धुतली तरी रबरात मुरतात. आणि आईची तुळस, कढीपत्ता, वाळत घातलेल्या कुरडया सगळं त्याच गच्चीवर.

मग बॅटरीवालं कोणी घ्यावं? ज्याच्याकडे बाहेर प्लग नाही, नळ नाही आणि काम हलकं आहे त्याने. पुण्याच्या आत्याचं उदाहरण घ्या. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, पार्किंगमध्ये वायर न्यायची तर सोसायटीची मीटिंग बोलवावी लागेल. बादलीभर पाण्यात स्कूटर, खिडक्यांची जाळी, बाल्कनीचं ग्रिल, गोट्याची सायकल होते. एसीच्या बाहेरच्या युनिटला तर हाच कमी दाब बरा, मोठ्या मशीनने त्याच्या पातळ पत्र्यांच्या घड्या पडतात. पाणीही कमी लागतं, तासाला दोनशे लिटर, नळीने धुतलं तर तेवढं पंधरा मिनिटांत जातं. शिवाय दादाकडे त्या कंपनीचं ड्रिल असतं आणि त्याचीच बॅटरी हिला चालली असती तर मी इतकं लांबण लावलं नसतं, नुसती गन घ्या म्हटलं असतं. पण दादाचं ड्रिल वायरचं आहे. खास या गनसाठी बॅटरी घेतली तर ती वर्षातले दहा महिने माळ्यावर पत्र्याखाली तापत पडणार, आणि लिथियमची बॅटरी न वापरताही म्हातारी होते. उन्हाळ्यात तिथे हात लावायला भांडं सुद्धा चटका देतं. पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवली तर आणखी लवकर जाते.

इथून आणण्याबद्दल. विमानात सुटी बॅटरी चेक-इन सामानात टाकता येत नाही, हातातल्या बॅगेत न्यावी लागते, १०० वॅट-अवरच्या आत असेल तर चालते. म्हणजे नियमात बसतं. पण इथली वॉरंटी नाशिकला कामाची नाही, आणि इथला गोल प्लग आपल्या सॉकेटला अडॅप्टर लावून बसवला तर बऱ्याच वेळा अर्थिंगच जोडलं जात नाही. चार्जरला एक वेळ चालेल. वायरवालं मशीन तसं वापरणं म्हणजे ओल्या पायाने विजेशी खेळणं. हो, ही मशीनं बनवणाऱ्या कार्चर कंपनीचं मुख्यालय माझ्या घरापासून लोकलने जाण्याइतकं जवळ आहे, विनेंडेनला. १९५० मध्ये युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं हाय-प्रेशर मशीन त्यांनी काढलं. तुम्ही दर वेळी ‘मग तिथेच घे ना’ म्हणता म्हणून लिहिते, कारखाना जवळ असला म्हणून दुकानातला भाव कमी होत नाही, बाबा.

तुम्हाला घ्यायचंच आहे हे मला माहीत आहे. सिंहस्थ २०२७ मध्ये, पाहुण्यांची यादी आईने आत्तापासून काढलीय, त्याआधी घर लख्ख व्हायला हवं. तर वायरवालं घ्या, १४०० ते १८०० वॅटचं, नाशकात सर्व्हिस सेंटर असलेल्या कंपनीचं. साधारण सहा ते दहा हजारांत येतं. दुकानदाराला एकच प्रश्न नीट विचारा, हे बादलीतून पाणी ओढतं का? आपल्यासाठी सगळं घोडं इथेच अडतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याला एक बार दाब मिळतो. आपली टाकी गच्चीवरच, तिथल्या नळापासून जेमतेम मीटर-दीड मीटर वर. म्हणजे गच्चीच्या नळाला ०.१ बार. बऱ्याच मशीनना नळाकडून भरलेल्या पाण्याची अपेक्षा असते. पाणी कमी पडलं की पंप हवा खातो, घरघरतो आणि सील जातात. लोक मग मशीनला नावं ठेवतात. ड्रम भरून ठेवा, ओढणारी नळी आधी पाण्याने भरून घ्या, तिच्या तोंडाला जाळीचा फिल्टर लावा, आणि आधी गन दाबून हवा जाऊ द्या, मग स्विच चालू करा. बोअरचं पाणी वापरलं तर शेवटी दोन मिनिटं नळाचं चांगलं पाणी सोडा, नाहीतर नोझलमध्ये क्षार धरतो.

आणि बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या. एक्स्टेन्शनचा बोर्ड फरशीवर ठेवायचा नाही, खुर्चीवर ठेवायचा. गन कोणाच्या हातापायावर गमतीत सुद्धा मारायची नाही. शंभर बारचं पाणी कातडीत शिरतं, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत नुकसान झालेलं असतं. गोट्याला हे तुम्ही सांगा, माझं तो ऐकत नाही.

शेवाळासाठी मशीनच्या आधी ब्लिचिंग पावडर. पाण्यात कालवून संध्याकाळी खराट्याने पसरा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, घासा, मग धुवा. अर्धं काम तिनेच होतं, मशीन नुसतं वाहून नेतं. पण तिच्यात बाथरूमचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हे काम मावशींवर सोपवणार असाल तर त्यांच्यासमोर उभे राहून सांगा, कारण ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ’ असं समजणारे खूप असतात. तुळशीची कुंडी आधी जिन्यात हलवा. गच्चीच्या चायना मोझॅकच्या जिथे फटी पडल्यात तिथे गन जवळ नेऊ नका, सांध्यातलं सिमेंट उडेल आणि पुढच्या पावसात खालच्या खोलीत ओल येईल. शहाबादीच्या सांध्यांचंही तेच. पंख्यासारखं पसरणारं नोझल लावा, एका रेषेवालं आणि गोल फिरणारं डब्यातच राहू दे. सोलर पॅनेलला मशीन लावायचं नाही, त्याला सकाळी लवकर, पॅनेल गार असताना, साधं पाणी आणि मऊ वायपर.

वर्षातून एकदाच वापर होणार असेल, तर दसऱ्याच्या आधी मशीन घेऊन येणारा माणूस बोलवणं याहून स्वस्त पडेल. आईचं मत तेच आहे आणि मला ते पटतं. तुम्हाला पटणार नाही, कारण तुम्हाला ते मशीन स्वतः चालवायचंय. तेही कारण मी धरते. रिटायर झाल्यापासून तुमच्या हाताला काम नाही म्हणून तुम्ही चिडचिड करता, असं आईच म्हणते. मग वायरवालं घ्या, आणि सोसायटीतल्या चार घरांना वापरायला द्या, भाड्याच्या हिशेबाने नाही, चहाच्या हिशेबाने.

आता एवढं करा. गच्चीवरच्या प्लगचा फोटो दादाकडून पाठवा, तो ६ अँपिअरचा आहे की १६ चा ते दिसायला हवं. प्लगपासून समोरच्या कठड्यापर्यंत किती मीटर होतात ते टेपने मोजून लिहा, पावलांनी नको. मॉडेलची दोन-तीन नावं दुकानातून आणा, मग व्हिडिओ कॉलवर बघू आणि दिवाळीत मी आले की घेऊ. त्याआधी ऑनलाइन ऑर्डर दिलेली असेल तर रद्द करा. आई म्हणाली, तुम्ही तिच्या फोनवरून कार्टमध्ये टाकून ठेवलंय.

आईला नमस्कार. कुरडया थोड्या जास्त घालायला तिला सांगा, इथे यावेळी चार जणींनी आधीच मागून ठेवल्यात.

तुमची लेक