लेझर लाइट जखमेवर चालतो, पण आधी जखम साफ करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

शुगरवाल्यांच्या पायाची जखम चिघळली की हल्ली "लेझर लाइट घ्या, कापाकापी टळेल" असं सर्रास सांगतात, त्याबद्दल लिहायचंय. लाइट खोटा आहे असं अजिबात नाही. फिन्सेन नावाच्या डॉक्टरांना त्वचेच्या टीबीवर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल 1903 सालीच नोबेल मिळालंय. 600 ते 700 नॅनोमीटरचा (प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं माप) लाल प्रकाश पेशींना ताकद देतो, त्यामुळे नवीन मास भरायला मदत होते. 405 च्या आसपासचा निळा प्रकाश जंतूंच्या आतल्या पोर्फिरिनवर (प्रकाश शोषणाऱ्या द्रव्यावर) पडला की तिथं विषारी ऑक्सिजन तयार होतो आणि जंतू मरतात, आणि लॅबमध्ये तर अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतूसुद्धा याने मेलेत, म्हणून मला या उपचाराबद्दल खरंच आशा वाटते.

पण हा निळा प्रकाश वरवरच काम करतो हो, आत हाडापर्यंत गेलेल्या पूला तो काय करणार?

माझे सासरे जन्मभर पॉवरलूमवर उभे राहिले, आता तळपाय बधीर झालेत. एका ठिकाणी त्यांना लाइटचं पॅकेज दिलं, पैसे आधीच घेतले, शुगर तपासली नाही की जखमेच्या कडेचं काळं पडलेलं कातडं काढलं नाही, तसंच वरून लाइट मारत राहिले आणि खाली पू साचत गेला. नंतर दुसऱ्या सर्जननी मेलेलं मास काढलं, कोणते जंतू आहेत ते बघायला पू कल्चरला पाठवला, इन्सुलिन चालू केलं, त्या पायावर भार देऊ नका म्हणून बजावलं आणि मग कुठं लाल लाइट लावला. ड्रेसिंग सोडलं की आता तळाशी लालबुंद दाणेदार मास दिसतं आणि वासही गेलाय. हे एकट्या लाइटने झालं असं मी म्हणणार नाही, त्या सर्जननीही तसं सांगितलं नाही.

अजून एक, घरात शेकायला मिळतो तो लाल बल्ब म्हणजे हा लेझर नव्हे! त्याची उष्णता बधीर पायाला कळत नाही, भाजतं आणि जखमेवर जखम होते. शेजारीपाजारी कुणी सांगितलं तरी तो लावू नका.

आपल्याकडे विडी कामगार, लूमवाले, अनवाणी पंढरीला जाणारे, सगळ्यांच्या घरात शुगर शिरलीय. त्यामुळे सिव्हिलला विनंती आहे की आठवड्यातला एक दिवस ठरवून सर्जन, शुगरचे डॉक्टर आणि फिजिओथेरपीवाले एकाच ओपीडीत बसवा, लाइट कुणाला द्यायचा ते तिथंच ठरू दे. आणि खासगीवाल्यांनी किती नॅनोमीटरचा प्रकाश, किती डोस आणि दर आठवड्याला जखम किती सेंटिमीटर उरली हे पेशंटच्या कागदावर लिहून द्यावं, पैसे त्यानंतर मागावेत.

– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर